दंतकथांना घर बांधून देणारी माणसं

पैज क्लिओपात्रानं लावली होती. एका जेवणावर एक कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, उडवून दाखवते, असं ती म्हणाली आणि रोमन सेनापती अँटनीला ते खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी पंगत मांडली गेली. जेवण थाटाचं होतं, पण रोज असायचं तसंच. अँटनी हसत हसत हिशेब विचारू लागला. तेव्हा तिच्या खुणेसरशी सेवकांनी तिच्यासमोर एकच पेला आणून ठेवला, जहाल व्हिनेगरनं भरलेला. तिनं कानातला मोती काढून त्यात सोडला, तो विरघळला आणि ती पिऊन मोकळी झाली. दुसऱ्या कानाकडे हात जाणार, तोच पंच म्हणून बसलेल्या लुशियस प्लँकसनं त्या मोत्यावर हात ठेवला आणि अँटनी हरल्याचं जाहीर केलं.

ही गोष्ट रोमन ग्रंथकार थोरल्या प्लिनीनं शंभरेक वर्षांनी लिहून ठेवली. अशीच्या अशी घडली असेल का? मोती चुनखडीच्याच जातीचा. आम्लात तो विरघळतो, पण सावकाश. पंगत उठेपर्यंत अख्खा मोती नाहीसा होणं कठीणच. तरी गोष्ट टिकली, कारण ती एका हातात मावते: दोन बोटं, एक मोती, एक पेला. प्लिनी मोत्यांचा इतिहास सांगतो, पंचाचं नाव सांगतो. पण ती पंगत कसल्या दालनात बसली होती, खांब किती उंच होते, उजेड कुठून येत होता, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ते दालन बांधायचं काम सुमारे सतराशे वर्षांनी व्हेनिसच्या जोव्हान्नी बातिस्ता तिएपोलोनं केलं, आणि मला या लेखात त्या दालनाबद्दल आणि त्याच्या भाऊबंदांबद्दल लिहायचं आहे.

तिएपोलोचं हे चित्र माझ्या गावात आहे, म्हणजे मी आता ज्याला माझं गाव म्हणते त्या मेलबर्नमध्ये. सेंट किल्डा रोडवरच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात ते एका भिंतीवर आहे. अडीच मीटर उंच, साडेतीन मीटरहून जास्त रुंद. पुण्याहून, नाशिकहून कुणी राहायला आलं की मी त्यांना तिथं घेऊन जाते, आणि बहुतेक जण चित्रापुढे उभे राहिले की पहिल्यांदा वर बघतात. क्लिओपात्राकडे नजर नंतर जाते. आधी ते खांब, त्यांच्यामधून दिसणारं आभाळ, पंगतीच्या डोक्यावर सोडलेली ती भरपूर मोकळी हवा. मला हे फार खरं वाटतं. गोष्ट माहीत नसलेल्या माणसालाही तिएपोलो आधी घरात घेतो आणि मग यजमानांची ओळख करून देतो.

चित्र 1743-44 मधलं. ते व्हेनिसहून मेलबर्नला आलं त्या वाटेतच युरोपचा अर्धा इतिहास आहे. व्हेनिसचा विद्वान आणि कलामर्मज्ञ फ्रांचेस्को आल्गारोत्ती याने ते सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याच्यासाठी मिळवून ड्रेस्डेनला धाडलं. तिथून 1765 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात गेलं आणि रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या संग्रहात पोचलं. 1930 च्या आसपास सोव्हिएत सरकारनं परकीय चलनासाठी हर्मिटाजमधली चित्रं विकायला काढली, त्यात हेही निघालं. अल्फ्रेड फेल्टन नावाच्या मेलबर्नच्या उद्योजकानं मृत्युपत्रात कलासंग्रहासाठी पैसा ठेवला होता; त्या निधीतून 1933 मध्ये ते इथं आलं. दक्षिण गोलार्धात, ज्याचा प्लिनीला पत्ताच नव्हता.

आता त्या दालनाकडे नीट बघू. क्लिओपात्राचा राजवाडा अलेक्झांड्रियात होता. तो भूकंपांनी आणि समुद्रानं कधीच गिळला होता; पाणबुड्यांनी त्याचे दगड शोधायला सुरुवात केली ती विसाव्या शतकात. तेव्हा तिएपोलोसमोर नमुना काय होता? त्याचं स्वतःचं शहर आणि त्या शहराचा एक जुना चित्रकार. पाओलो व्हेरोनेझेनं दोनशे वर्षांपूर्वी भल्यामोठ्या कमानींखाली, संगमरवरी कठड्यांआड बायबलमधल्या मेजवान्या रंगवल्या होत्या. अशाच एका मेजवानीत विदूषक, जर्मन शिपाई, कुत्रा असली मंडळी का घुसवलीस म्हणून 1573 मध्ये त्याला धर्मन्यायालयापुढे उभं राहावं लागलं होतं. त्यानं चित्र जवळपास तसंच ठेवलं आणि नाव बदललं. तिएपोलो त्याच वंशातला. त्याची क्लिओपात्रा सोळाव्या शतकातल्या व्हेनिसच्या एखाद्या श्रीमंत घराण्यातली स्त्री वाटते: फुगीर बाह्या, जरीचं अंग, उभी कॉलर. अँटनीच्या डोक्यावर शिरस्त्राण, जेवायला बसतानासुद्धा. आणि सभोवती जो वाडा आहे त्यात इजिप्त औषधापुरतंच. आल्गारोत्ती पुराणवस्तूंचा जाणकार, त्याला हे थोडं खुपत असावं. त्यानं ज्या गोष्टींचं कौतुक केलं त्यात इजिप्शियन देवतांच्या मूर्तींसारखी अभ्यासू भर आहे. पण मूर्ती कोपऱ्यात उभ्या राहिल्या म्हणून वाडा इजिप्तचा होत नाही.

हे अज्ञान होतं असं मला वाटत नाही. तिएपोलो अडाणी नव्हता आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या कपाटांत लॅटिन ग्रंथ भरलेले होते. व्हेनिसच्या माणसाला ही गोष्ट स्वतःची वाटत होती, इतकंच. समुद्रावरच्या व्यापारानं गब्बर झालेलं शहर, मोती आणि मसाले हाताळून हात वाकबगार झालेले, आणि सत्ता मात्र दर वर्षी थोडी थोडी ओसरत चाललेली. दागिना पेल्यात टाकून पिऊन दाखवणारी राणी त्या शहराला कळायला कुणाच्या टिपांची गरज नव्हती. परक्या देशाची, परक्या काळाची गोष्ट आपल्या ओसरीवर आणून बसवणं ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात प्रामाणिक कथनाची रीत आहे. राजा रविवर्म्याची दमयंती, शकुंतला ज्यांनी देवघराशेजारच्या भिंतीवर, मुंबईत आणि नंतर मळवलीला छापलेल्या ओलिओग्राफमध्ये पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुराणातल्या राजवाड्याला युरोपीय धाटणीचे खांब असले म्हणून कुणाची श्रद्धा ढळली नाही.

याच क्लिओपात्राला तिएपोलोनं काही वर्षांतच आणखी मोठं घर बांधून दिलं, आणि यावेळी खऱ्या घराच्या आत. व्हेनिसमधल्या पालाझ्झो लाबियाचे मालक मूळचे स्पेनकडून आलेले व्यापारी. सतराव्या शतकात त्यांनी पैसे मोजून सरदारकी मिळवली होती. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात: मेजवानीनंतर घरमालक सोन्याची ताटं खिडकीतून कालव्यात भिरकावायचा, आपल्या श्रीमंतीला तळ नाही हे दाखवायला. पाण्याखाली जाळी लावलेली असायची आणि रात्री ताटं वर ओढून घेत, अशी त्या आख्यायिकेची पुढची ओळ. अशा घराच्या भिंतीवर मोत्याची पंगत रंगवायची म्हणजे यजमानाचंच चरित्र रंगवायचं.

पण त्या दिवाणखान्यात खरा कमाल करणारा हात दुसराच आहे आणि त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं: जिरोलामो मेंगोझ्झी कोलोन्ना. माणसं तिएपोलोची, वास्तू याची. इटालियन घरांत भिंतीवर आणि छतावर खोटी वास्तू रंगवणाऱ्या कसबी कारागिरांची एक स्वतंत्र जमातच होती. लाबियात त्यानं सपाट भिंतीवर असे खांब आणि कमानी चढवल्या, की खरे दरवाजे कुठे संपतात आणि रंगवलेले कुठे सुरू होतात ते बोट लावल्याशिवाय कळू नये. रंगवलेल्या पायऱ्या वरून खाली उतरतात आणि जणू दिवाणखान्याच्या फरशीला येऊन मिळतात. त्या पायऱ्यांवरून एक बुटका माणूस आपल्याकडे पाठ करून वर, क्लिओपात्राच्या पंगतीकडे चाललाय. त्याच्या पाठीमुळे आपणही निमंत्रित होतो. तो चढतोय म्हणजे पायऱ्या खऱ्या आहेत, असं डोळे मान्य करून टाकतात.

हे कसब रंगभूमीवरून आलं होतं. बोलोन्याच्या आसपासचं गाल्ली बिब्येना घराणं पिढ्यान्‌पिढ्या युरोपभरच्या दरबारांसाठी नाट्यगृहं आणि नेपथ्य करत होतं. त्यांच्यातल्या फेर्दिनांदोनं 1711 मध्ये आपल्या ग्रंथात एक युक्ती मांडली. त्याआधीच्या पडद्यांवर रस्ता किंवा दालन बरोबर मधोमध आत आत जायचं आणि एका बिंदूत संपायचं; राजाच्या आसनावरून ते बिनचूक दिसे, बाजूच्यांना वाकडं. फेर्दिनांदोनं वास्तूचा कोपराच प्रेक्षकांकडे वळवला. आता दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा तिरप्या धावत विंगेत नाहीशा होऊ लागल्या आणि राजवाडा दिसतो त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे असं वाटायला लागलं. जे दिसत नाही ते मनानं बांधायचं. लहान रंगमंचावर अफाट नगर उभं करायची ही किल्ली होती.

इथं मला माझे आजोबा आठवतात. त्यांनी लहानपणी कोल्हापुरात कंपन्यांची नाटकं पाहिली होती आणि गाण्यांइतकेच त्यांना पडदे आठवायचे: राजवाड्याचा, रस्त्याचा, जंगलाचा. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांच्या पडद्यांबद्दल तर ते देवळाबद्दल बोलावं तसं बोलत. रंगवलेले पडदे आणि विंगा ही युरोपीय नाट्यगृहांची पद्धत मुंबईत 1846 साली उघडलेल्या ग्रँट रोड थिएटरसारख्या ठिकाणांतून आली, पारशी कंपन्यांनी ती उचलली, आणि विष्णुदास भाव्यांनी 1853 मध्ये त्याच थिएटरात आपले खेळ केल्यानंतरच्या काळात मराठी मंडळ्यांनी ती आपलीशी केली. आत आत जाणाऱ्या खांबांच्या रांगेपुढे कृष्ण आणि रुक्मिणी उभे राहून गात, तेव्हा त्या रांगेचं कूळ इटलीतल्या नेपथ्यकारांपर्यंत पोचत होतं. प्रेक्षकांना ते माहीत असायची गरज नव्हती. त्यांना द्वारका दिसत होती.

बिब्येनांच्याच परंपरेत हात बसलेला दुसरा माणूस म्हणजे जोव्हानी पाओलो पानिनी. जन्म 1691, पिआचेंझा. तिथं तो वास्तूचं आणि नेपथ्याचं चित्रण शिकला, 1711 मध्ये रोमला गेला आणि 1765 मध्ये तिथंच वारला. त्याच्याकडे जायला प्लिनीनंच एक वाट ठेवली आहे. क्लिओपात्राच्या दुसऱ्या मोत्याचं काय झालं? प्लिनी म्हणतो, राणी पकडली गेल्यावर तो रोमला नेला, कापून दोन केला आणि पँथिऑन या देवालयातल्या व्हीनसच्या मूर्तीच्या दोन कानांत घातला. अर्ध्या पंगतीची किंमत देवीच्या कानांत.

ते पँथिऑन अग्रिप्पानं बांधलेलं. दर्शनी भागावर अजून त्याचंच नाव आहे. आज उभं आहे ते मात्र सम्राट हेड्रियनच्या काळातलं, इसवी सन 125 च्या सुमाराचं. घुमटाचा व्यास 43 मीटरहून थोडा जास्त आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. माथ्यावर सुमारे नऊ मीटरचं उघडं भोक आणि त्यातून येणारी उन्हाची तबकडी भिंतीवरून फिरत राहते. पानिनीनं हा गाभारा पुन्हा पुन्हा रंगवला. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं 1734 च्या सुमाराचं चित्र त्यात सगळ्यात प्रसिद्ध. रोमला गेले तेव्हा मी त्याची जागा शोधायचा प्रयत्न केला, दरवाजासमोरच्या कोनाड्यापाशी. तिथं उभं राहून जेवढं दिसतं त्यापेक्षा त्याच्या चित्रात खूपच जास्त आहे. फरशी आणि माथ्याचं भोक, दोन्ही बाजूंचे कोनाडे, समोरचा दरवाजा आणि दरवाजाबाहेरचे ओसरीचे खांब, हे सगळं एका नजरेत घेणारा डोळा माणसाला नाही. पानिनीनं मान वर करून पाहिलेलं आणि समोर पाहिलेलं एकत्र शिवलं, आणि शिवण कुठेही दिसू दिली नाही. पँथिऑनमध्ये शिरल्यावर आपण गर्रकन फिरून, मान मागे टाकून जे अनुभवतो, ते त्यानं एका चौकटीत बसवलं. आजच्या कुठल्याही फोटोपेक्षा मला ते चित्र त्या जागेशी जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि हाच माणूस साक्षीदारही ठरला. घुमटाखाली जो मधला पट्टा आहे, त्याची जुनी रोमन सजावट अठराव्या शतकाच्या मध्यात काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी आज दिसतात त्या मोठ्या चौकटी आल्या. मूळ सजावट रंगांत कशी दिसत असे हे सांगणाऱ्या मोजक्या पुराव्यांत पानिनीच्या चित्रांची गणना होते. विसाव्या शतकात त्या पट्ट्याचा एक छोटा तुकडा जुन्या पद्धतीनं पुन्हा बसवला आहे. तिथं गेलात तर तो जरूर शोधा. हजारो लोक त्याच्याखालून रोज जातात.

पानिनीनं हातातलं सगळं मोजमाप बाजूला ठेवून जी चित्रं केली ती मला याहूनही मोलाची वाटतात. त्यांना काप्रिच्चो म्हणतात: खऱ्या वास्तू, पण उचलून हव्या तिथं मांडलेल्या. कोलोसियमशेजारी ट्राजनचा स्तंभ, पलीकडे सेस्टियसचा पिरॅमिड, मध्ये कधीच नसलेलं एखादं देऊळ. आणि या अवशेषांच्या पायाशी, बोटभर उंचीची माणसं, एखादी दंतकथा जगत असतात.

मार्कस कर्टियसची घ्या. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, इसवी सनापूर्वी 362 मध्ये रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, जमीन दुभंगली. मातीनं भरेना. भविष्यवेत्ते म्हणाले, रोमचं जे सगळ्यात मोठं बळ आहे ते या खड्ड्याला वाहा. लोक विचारात पडले. कर्टियस हा तरुण योद्धा म्हणाला, शस्त्र आणि शौर्य याहून मोठं आपल्याकडे काय आहे? आणि पूर्ण चिलखत चढवून, सजवलेल्या घोड्यावर बसून त्यानं त्या दरीत झेप घेतली. जमीन मिटली. फोरममध्ये ती जागा अजून दाखवतात.

पानिनी ही झेप रंगवतो आणि भोवती काय ठेवतो? अवशेष. ढासळलेल्या कमानी, तुटके खांब, दगडांच्या फटीतून उगवलेलं गवत. थांबून विचार केला तर अंगावर काटा येतो. कर्टियसच्या काळचं रोम एक वाढतं, मातीलाकडाचं गाव. ज्या संगमरवरी नगराचे हे अवशेष आहेत, ते नगर अजून बांधलं जायचं होतं. म्हणजे हा तरुण ज्या रोमसाठी जीव देतोय ते रोम त्याच्या भोवती आधीच उभं राहून, वैभव भोगून, पडून गेलंय. घोड्याला ते दिसत नाही, त्यालाही नाही. फक्त आपल्याला दिसतं. कुठल्याही इतिहासकारानं काळाची अशी घडी घातलेली मला माहीत नाही. यातली किती घडी पानिनीनं जाणूनबुजून घातली आणि किती त्या काळच्या गिऱ्हाइकांच्या मागणीतून पडली, हा वाद घालता येईल. इंग्लंड-फ्रान्सहून रोम पाहायला आलेले श्रीमंत तरुण घरी न्यायला अवशेष मागत, आणि सोबत शाळेत घोकलेली एखादी लॅटिन कथा असली तर त्यांना बरंच. पानिनीनं त्यासाठी त्याच त्या मूर्ती, तेच खांब, त्याच हातवाऱ्यांची माणसं पुन्हा पुन्हा वापरली. पण गिऱ्हाइकासाठी केलं म्हणून ते उथळ होत नाही. भजन रोज तेच असतं.

त्याच्या तरुणपणीचं एक चित्र मला या सगळ्याची चावी वाटतं. 1719 च्या सुमारास रोमच्या सान लुका अकादमीत प्रवेश मिळाल्यावर त्यानं रिवाजाप्रमाणे जे चित्र दिलं, त्याचा विषय आहे ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीज याच्या थडग्यापाशी अलेक्झांडर. गोष्ट अशी: आशियावर स्वारी करायला निघालेला अलेक्झांडर ट्रॉयच्या किनाऱ्यावर उतरतो, अकिलीजच्या समाधीला हार घालतो आणि म्हणतो, हा भाग्यवान, याला होमरसारखा कवी मिळाला. जुन्या काव्यात ती समाधी म्हणजे समुद्राकाठी रचलेला मातीचा उंचवटा आहे, दूरच्या गलबतांना दिसावा म्हणून उंच केलेला. पानिनी तिथं भव्य दगडी वास्तू उभी करतो. होमरनं अकिलीजला शब्द दिले, अलेक्झांडरला ते मिळाले नाहीत याची खंत होती. आणि अठ्ठावीस वर्षांचा एक नेपथ्यकार दोघांनाही खांब आणि कमानी देऊन टाकतो.

पण वारं बदलत होतं. 1738 मध्ये हर्क्युलेनियमचं आणि 1748 मध्ये पाँपेईचं उत्खनन सुरू झालं. जमिनीखालून खरी घरं निघू लागली: बुटकी दारं, अरुंद खोल्या, भिंतींवर लाल रंग, भटारखान्यात जळून कोळसा झालेले पाव. 1755 मध्ये जर्मन विद्वान योहान विंकेलमान रोमला आला आणि प्राचीन कलेचा इतिहास रीतसर, काळानुसार लावू लागला. 1762 मध्ये अथेन्सच्या वास्तूंची मोजून काढलेली रेखाटनं लंडनमध्ये छापून आली. यापुढे ग्रीक कथेला ग्रीकच खांब हवा, रोमन कथेला रोमनच, आणि तोही त्या शतकातला. 1784-85 मध्ये फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदनं रोममध्ये होरेशियस बंधूंची शपथ रंगवली तेव्हा मागे तीन साध्या कमानी आणि अंधार एवढंच उरलं. ते थोर चित्र आहे. पण त्यात हवा नाही, आभाळ नाही, कुणाला आत बोलावणं नाही.

अचूकपणाचा मला राग नाही. विंकेलमाननं आणि त्या खोदकाम करणाऱ्यांनी दिलेलं ज्ञान अनमोल आहे. पण एक गोष्ट त्या वेळी हातून निसटली आणि ती परत मिळाली नाही असं मला वाटतं: दूरच्या माणसांना आपल्या घरात ऐसपैस बसवायचा आत्मविश्वास. त्यानंतरचा चित्रकार प्राचीन जगात पाहुणा म्हणून जातो, दबकत, पायातलं बाहेर काढून. तिएपोलो तिथं मालक होता.

हे पाहायला व्हिचेंझाला जावं. गावाबाहेरच्या टेकडीवर व्हिला व्हाल्मारानाचं घर आहे. 1757 मध्ये, म्हणजे विंकेलमान रोममध्ये टिपणं काढत होता त्याच सुमारास, तिएपोलो आणि मेंगोझ्झी कोलोन्नानं मिळून ते रंगवलं. मधल्या दालनात इफिजिनियाचा बळी आहे. ग्रीक आरमार औलिस बंदरात वाऱ्यासाठी अडकलंय, देवीला शांत करायला सेनापती आगामेम्नॉनला पोटची मुलगी द्यायची आहे. दालनाच्या दोन भिंती रंगवलेल्या खांबांनी दोन मंडप झाल्या आहेत. एका मंडपात वेदी, मुलगी, उगारलेला सुरा. समोरच्या मंडपात वाट बघणारी माणसं आणि गलबतं. आपण चालतो ती फरशी या दोघांच्या मधली, म्हणजे आपण औलिसमध्येच आहोत. आगामेम्नॉननं अंगरख्यानं तोंड झाकून घेतलंय. प्राचीन ग्रीक चित्रकार टिमँथीसनं बापाचं दुःख रंगवणं अशक्य म्हणून त्याचा चेहरा झाकला होता अशी जुनी आख्यायिका आहे. ते चित्र नष्ट झालं, वर्णन उरलं. तिएपोलोनं त्या वर्णनावरून हरवलेलं चित्र पुन्हा जागेवर आणलं. आणि मुलीच्या जागी बळी जायला देवीनं पाठवलेली हरिणी ढगावरून येतेय. तो ढग रंगवलेल्या मंडपाची मर्यादा पाळत नाही. इतक्या कष्टानं, पट्टी-ओळंबा लावून रंगवलेल्या वास्तूची शिस्त मोडायचा हक्क फक्त त्या दयेला आहे.

त्याच घरात पुढे इलियडची खोली आहे. तिथं अकिलीज समुद्रकाठी बसलाय. त्याच्या वाट्याला आलेल्या ब्रिसेइस या बंदिनीला त्याच्याकडून काढून नेलंय आणि त्याची आई, समुद्रदेवता थेटिस, पाण्यातून वर आलीय. ज्या चित्रकारानं क्लिओपात्राला, अँटनीला, आगामेम्नॉनला खांबांमागून खांब दिले, त्यानं या प्रसंगात अकिलीजला आडोसासुद्धा दिलेला नाही. वाळू, खडक, पाणी, आई. पानिनीच्या त्या तरुणपणीच्या चित्रात याच अकिलीजच्या हाडांसाठी केवढी वास्तू उभी राहिली होती! जिवंतपणी, रडताना, त्याला छप्पर नको होतं हे तिएपोलोला कळलं. घर कुणाला द्यायचं आणि कुणाला उघड्यावर ठेवायचं, हा निर्णय मला त्याच्या ब्रशाच्या सगळ्या करामतींपेक्षा मोठा वाटतो.

जर्मन कवी गोएथे 1786 च्या सप्टेंबरात हे घर पाहायला आला होता. मुख्य घरातल्या या भारदस्त चित्रांपेक्षा शेजारच्या पाहुण्यांच्या घरातली साधी, रोजच्या जगण्यातली चित्रं त्याला जास्त जमलेली वाटली. शेतकरी झाडाखाली जेवताहेत, बायका बाजारातून परतताहेत. ती बहुतेक तिएपोलोचा मुलगा जांदोमेनिको याची, पण गोएथेला बापलेकातला फरक माहीत नव्हता. एकाच हाताच्या दोन रीती समजून त्यानं निकाल दिला. त्याच्या नंतरच्या शतकानं तोच निकाल उचलून धरला: खरं आयुष्य रंगवलं तर ते खरं, दंतकथा रंगवली तर ती सजावट. मुलाची चित्रं सुंदर आहेत, मीही त्यांच्यापुढे रेंगाळले. पण गोएथेचा निकाल मला मान्य नाही. जांदोमेनिकोला झाडाखालचे शेतकरी आणि झाड दोन्ही समोर दिसत होतं. बापासमोर औलिसचं बंदर नव्हतं, अकिलीज नव्हता, थेटिस नव्हती. फक्त सपाट भिंती होत्या, ओला चुना होता, आणि तो सुकायच्या आत काम उरकायचं होतं.